छत्रीवाल्या बाईचं कपाळ

ज्याच्या हाती हे पडेल त्याची आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर वाईट आहे. शाळेत चौथीपर्यंत गेले, तीही तामिळ शाळा. मराठी अक्षरं वडिलांनी पोथीवर बोट ठेवून शिकवली. वाचता नीट येतं, पण लिहायला बसले की प्रत्येक अक्षर तामिळासारखं गोल होतं, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला कधी उमगलं नाही. त्यात हा कागद पातळ, गुलाबी, शाई पलीकडे उमटते. पलीकडे अक्काचा चेहरा छापलेला आहे आणि खाली छत्री. निवडणुकीची पत्रकं उरली ती तांदळाच्या पिंपामागे गठ्ठा बांधून ठेवली होती. कोरा कागद आणायचा तर कशाला हवा ते सांगावं लागलं असतं, म्हणून हेच घेतले.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा विषमज्वराने गेला आणि ती कुंभकोणमला माहेरी परत आली. मी सून म्हणून आले तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. साधं पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, आणि वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय. सासूबाईही विधवा. म्हणजे आम्हा तीन बायकांत कुंकवाच्या डबीला हात लावू शकेल अशी मी एकटीच.

माझे यजमान पितळी भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहीत. शिवाय आमच्या मराठी लोकांचा एक भजनमठ आहे, त्याच्या रामनवमीचे पैसे त्यांच्या आजोबांपासून आमच्याच घरी ठेवलेले असत. देवघरात वरच्या फळीवर एक पितळी गडू, तोंडाला पिवळं फडकं बांधलेलं. देवघर पुसायचं काम माझं, त्यामुळे त्या गडूला रोज लागे तो हात माझाच.

मी भित्री आहे. भाजीवालीने टोपलीत किडकं वांगं टाकलं तरी मी गप्प राहते. अक्का म्हणायची, "हिच्या तोंडाला कुलूप आहे, आणि किल्ली माहेरी राहिलीय."

आमच्या घरांच्या मागून एक उघडं गटार जातं. संध्याकाळी तिथून डास असे उठतात की जेवताना एक हात पंख्यालाच लागतो. सासूबाईंचा डावा पाय हत्तीपायाने सुजून खांबासारखा झाला होता. आमच्या रस्त्याला असे पाय घरोघरी आहेत. अक्का गटार झाकून घ्या म्हणून अर्ज घेऊन नगरपालिकेत गेली. कारकुनाने अर्ज घेतला, पानाच्या डब्याखाली ठेवला आणि म्हणाला, "अम्मा, गटाराबद्दल बोलायचं तर सभेत बसावं लागतं. सभेत बसायचं तर निवडून यावं लागतं."

त्याने थट्टा केली होती. अक्का घरी आली ती उमेदवारीचा अर्ज कधीपर्यंत घेतात हे विचारूनच.

"पन्नास रुपये अनामत," ती भावाला म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत."

"पगाराला अवकाश आहे अक्का."

"हा खर्च नव्हे रे. ठेव आहे. परत मिळते."

"नेहमी मिळते?"

"ठरलेल्या हिश्शाइतकी मतं पडली तर मिळते. नाही पडली तर सरकारजमा."

मी ताक वाढत होते. त्यांनी मान वर केली आणि देवघराकडे पाहिलं. अक्कानेही पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गडू खाली घेतला, फडकं सोडलं, नोटा काढल्या आणि पुन्हा तशीच गाठ मारली. "रामनवमीच्या आत परत ठेवू," म्हणाले. ते मला म्हणाले की देवाला, कळलं नाही. सासूबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून गडू पुसायला उचलला की तो हलका लागे. खरं तर कागद ते किती जड असणार? पण मला हलका लागे. देवाचं द्रव्य खाणाऱ्याला पुढचा जन्म कुठला मिळतो ते लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं. आम्ही खाल्लं नव्हतं, फक्त उचललं होतं. पण मतं पडली नाहीत तर खाल्लंच म्हणायचं.

अक्काला चिन्ह छत्री मिळालं. समोर तांदळाच्या गिरणीचा मालक उभा होता, त्याला सायकल. त्याचा मिशीवाला, हार घातलेला चेहरा भिंतीभिंतीवर लागला आणि घोडागाडीवर कर्णा बांधून त्याचा माणूस रस्तोरस्ती ओरडत फिरू लागला. आमचं पहिलं पत्रक म्हणजे नुसती छत्री आणि खाली अक्काचं नाव. वाचता येणारे किती? दोन दिवसांनी एक म्हातारा मोडकी छत्री घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"दोन काड्या मोडल्यात. काय घ्याल?"

"मत घेईन," अक्का म्हणाली.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, हसला, आणि छत्री ठेवून गेला. अक्काने ती सुई-दोऱ्याने आणि तारेने दुरुस्त करून दिली. त्यानंतर आणखी छत्र्या आल्या.

छापखानेवाला ओट्यावर बसून कॉफी पिता पिता म्हणाला, "चेहरा पाहिजे अम्मा. चेहऱ्याशिवाय हे दुकानच वाटतं. तुमचा एखादा फोटो द्या, ठसा करून घेतो."

फोटो आतल्या भिंतीवर होता, एकच. लग्नानंतर तंजावरला काढलेला. खुर्चीत तिचा नवरा, मागे अक्का उभी, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यानंतरचा फोटो नाही. विधवेचा फोटो कोण काढतं?

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पायासाठी माझ्या लेकीचं तोंड भिंतीवर लावायचं?"

अक्का म्हणाली, "तोंड लावू दे आई. कुंकू नको. लोक म्हणतील, मतांसाठी पुन्हा कुंकू लावलं." मग छापखानेवाल्याला म्हणाली, "कपाळावरचं तेवढं काढता येईल?"

"ठशावरून खरवडून टाकतो. त्यात काय."

फ्रेम मीच खाली उतरवली. काच पुसून छापखानेवाल्याच्या हातात दिली.

खरवडलेल्या जागी शाई लागत नाही. छापखानेवाल्याला हे माहीत असणारच, पण एवढासा ठिपका कोण बघतो असं त्याला वाटलं असेल. गुलाबी कागदावर अक्काचा एकोणीस वर्षांचा चेहरा काळा-करडा उमटला आणि कपाळाच्या मधोमध, कुंकवाच्या जागी, कुंकवाएवढाच कोरा गोल. भोक पडल्यासारखा. गठ्ठा उघडला तेव्हा मी मागे सरले. पुन्हा छापायला पैसे नव्हते. छपाईचे पैसे यजमान पगारातून हप्त्याने देणार होते, तेच जड होतं.

पत्रकं लागली. आणि लोक थांबू लागले. गिरणीवाल्याच्या मिशीपुढून ते न बघता जात, अक्कापुढे थांबत. गोलाकडे बघत. मुलं त्यात बोट घालायला बघत. कुणी म्हणे हे देवीचं लक्षण, कुणी म्हणे बाई मेलेली आहे, तिच्या नावावर भाऊ उभा आहे. पण छत्री कुणाची हे आता सगळ्यांना ठाऊक झालं.

मग दारोदार जायचं आलं. आमच्याकडे लग्नामुंजीचं, नवरात्रात मांडलेल्या बाहुल्या बघायचं बोलावणं सवाष्ण बाई कुंकवाची डबी घेऊन करते. डबी घेऊन आलेल्या बाईला दारातून कुणी परत पाठवत नाही. अक्काने तेच ठरवलं. पुढे मी, डबी घेऊन. ती मागे, रस्त्यात उभी. मी कुंकू लावायचं, मग तिने बोलायचं.

पहिल्या दाराशी घरची बाई हात पुसत आली, कपाळ पुढे केलं, मी कुंकू लावलं.

"कुणाचं लग्न?" तिने तामिळमध्ये विचारलं.

"लग्न नाही."

"मग काय, बारसं?"

"नाही. निवडणूक."

ती इतकी हसली की आतून तिची सासू बाहेर आली. "पोरी, मुहूर्त कधीचा आहे तुझ्या निवडणुकीचा?" सासूने विचारलं. मागून अक्का म्हणाली, "पुढच्या आठवड्यात, सकाळी आठ ते पाच. जेवण नाही. पण तुमच्या मागचं गटार आणि माझ्या मागचं गटार एकच आहे, तेवढं ऐकून घ्या." आणि त्यांनी ऐकलं. मी घामाने भिजले होते. प्रत्येक दाराशी तशीच भिजले. भीती कमी झाली नाही, फक्त पाय तिच्यासकट चालायला शिकले.

मग गिरणीवाल्याचा कर्णा बदलला. घोडागाडी आमच्या दारावरूनच गेली. "तायांनो, सकाळी दार उघडल्यावर पहिलं कुणाचं तोंड बघता? भिंतीवर बघा कोण आहे. विधवेचं तोंड बघून तुमचा नवरा कामाला जातो. बरकत कुठून येणार?"

अक्का तेव्हा ओट्यावर तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. त्या दिवसापासून दोन-तीन दारं आम्हाला बघून लागली. भिंतीवरच्या काही पत्रकांवर शेण फासलेलं दिसलं. मतं गेली तर गडू गेला, एवढंच आम्हा तिघांच्या डोक्यात होतं, आणि सासूबाईंसमोर ते बोलता येत नव्हतं.

मतदानाला थोडेच दिवस होते, तेव्हाची गोष्ट. सासूबाई शेजारणीबरोबर तिरुनागेश्वरमला दर्शनाला गेल्या होत्या, अक्का बाहेर, यजमान दुकानात. घरात मी एकटी. मठाचे वडीलधारे मामा आले. त्यांना सगळे मामाच म्हणतात. ओट्यावर चढले, उपरण्याने वारा घेतला.

"सूनबाई, आचाऱ्याला आगाऊ विसार द्यायचाय. गडू आण खाली. सगळं मोजूनच घेतो, म्हणजे उत्सवाचा अंदाज येईल."

गडू आणला तर मोजणार. न आणावा तर का नाही? यजमान घरी नाहीत म्हणावं तर म्हणणार, गडू तर आहे. मी दाराचा खांब धरला. आणि माझ्या तोंडातून, मी न ठरवता, निघालं, "मामा, मी आजपासून बाहेरची आहे. देवघरात जाता येत नाही."

मामा दोन पायऱ्या खाली उतरले. उपरणं गोळा करून छातीशी धरलं. "आधी सांगायचं नाही का? मी ओट्यावर बसलो की." मग म्हणाले, "आणि घरात दुसरं कुणी नाही. बरं, राहू दे. विसाराचं मी माझं देतो. रामनवमीच्या आदल्या दिवशी येईन, तेव्हा एकदमच मोजू."

ते गेल्यावर मी कितीतरी वेळ खांब सोडला नाही. मग लक्षात आलं, बोलले ते आता पाळावं लागणार. मामा रस्त्यात कुणाला तरी सांगणारच. मी चटई, पेला, ताट घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसले, गटाराच्या शेजारी.

सासूबाई आल्या. दारातूनच बघितलं. "आत्ता? अजून आठवडा होता ना तुला?"

मी खाली बघितलं. त्या पाय ओढत आत गेल्या.

संध्याकाळी अक्का आली, लांब उभी राहिली. मी हलक्या आवाजात खरं सांगितलं. तिने ऐकलं, एकदा आतल्या देवघराच्या दिशेने पाहिलं, आणि म्हणाली, "तू नसतीस तर आज सगळं संपलं असतं." मग म्हणाली, "पण डबी कोण धरणार?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अगदी शेवटचे तीन दिवस, आणि मी तीन दिवस बसलेली.

"एकटी जाते," ती म्हणाली.

"दारात उभं करणार नाहीत अक्का."

"मग रस्त्यात उभी राहीन. रस्ता नगरपालिकेचा आहे."

ते तीन दिवस मी पडवीत काढले. डास चावत होते. पुढच्या रस्त्यावरून कर्ण्याचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत, आणि न कळलेले शब्द जास्त भीती घालतात. मी मनात मतं मोजायची. त्या दारची सासू-सून धरू का? छत्रीवाला म्हातारा धरू का? पहिल्या दिवशी अक्का परत आली ती म्हणाली, कुणी बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बाई आली. तिच्या नवऱ्याचा पाय आमच्या सासूबाईंसारखाच. तिने सरळ विचारलं, "कागदावर तुझ्या कपाळाला भोक का आहे?"

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, तिथे कुंकू होतं. पहिल्यांदा देवाने खरवडलं, नंतर छापखान्याने."

"मग?"

"मग काही नाही. ती आत गेली. पण शेजारच्या घराच्या खिडकीतून कुणीतरी ऐकत होतं."

तिसऱ्या दिवशी अक्का काहीच बोलली नाही. लांबून माझं ताट सरकवलं आणि गेली. मला वाटलं, आता सगळं संपलं.

चौथ्या दिवशी मतदान. पहाटे डोक्यावरून न्हाले आणि रांगोळी घालायला पुढच्या दारी आले. समोरच्या भिंतीवर अक्काचं पत्रक होतं. त्या कोऱ्या गोलात कुंकू होतं. ओलं, ताजं, बोटाने भरलेलं, थोडं खाली ओघळलेलं. पुढच्या भिंतीवर बघितलं, तिथेही. वळणापर्यंत गेले. जिथे जिथे अक्का होती तिथे तिथे कुंकू होतं. शेण फासलेलं एक पत्रक कुणीतरी पाण्याने पुसून घेऊन मग लावलं होतं.

सकाळी दार उघडल्यावर विधवेचं तोंड नको, पण बाईचा चेहरा फाडायलाही हात धजत नाही. मग रांगोळी घालायला बाहेर आलेल्या बायकांनी, त्यांना जे येतं ते केलं असेल. कुणी सुरुवात केली ते आजपर्यंत कळलं नाही, आणि कुणी सांगतही नाही. त्या वेळी मात्र मला आनंद झाला नाही. मी इतकी घाबरले की रांगोळीचा डबा हातातून पडला. कारण सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"हे तुझ्या डबीतलं?"

"आई, मी तीन दिवस मागे बसले होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं, फार वेळ. त्यांच्या मागून अक्का आली, तिनेही पाहिलं. तिचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला, काही लागलंय का बघावं तसा, आणि कोरडाच खाली आला.

सासूबाई म्हणाल्या, "गाडी बोलवा. माझ्याने शाळेपर्यंत चालवणार नाही." आणि मत द्यायला निघाल्या.

शाळेत पडद्यामागे पेट्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर चिन्ह चिकटवलेलं. आपला कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. आत उजेड कमी होता. मी छत्री शोधली, कागद घातला, आणि तो पुरता आत गेला की फटीत अडकला हे बोटाने चाचपून बघत राहिले. बाहेरून आवाज आला, "झालं का अम्मा? आत संसार मांडलात का?" मी पळाले.

निकालाच्या दिवशी यजमान उशिरा आले. गिरणीवाला निवडून आला होता. अक्काने विचारलं, "किती फरक?" मी मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे बघत दाराआड उभी होते. त्यांनी बहिणीला आकडा सांगितला, मग मान माझ्याकडे वळवून म्हणाले, "अनामत वाचली."

मी जमिनीवर बसले.

पण अनामत वाचणं वेगळं आणि हातात येणं वेगळं. अक्का पावती घेऊन नगरपालिकेत गेली, तर तोच कारकून. "साहेब रजेवर आहेत अम्मा." पुन्हा गेली. "सही झाली, शिक्का राहिलाय." रामनवमी जवळ येत होती. आमच्या रस्त्यावर मांडवाचे बांबू आले. मी गडू पुसायची आणि मामांच्या चपलांचा आवाज ऐकायची. कुणाच्याही चपला वाजल्या तरी त्या मामांच्याच वाटायच्या. या वेळी मी काय सांगणार होते? तेच कारण पुन्हा?

रामनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी अक्का कार्यालयाच्या दारात जाऊन बसली. शिक्का मिळेपर्यंत उठणार नाही म्हणाली. कारकून म्हणाला, "तुम्ही निवडून आला असतात तर आम्हाला जगूच दिलं नसतंत." दुपारी ती उन्हातून आली, पदराच्या गाठीत पैसे. गाठ तिने माझ्यासमोर धरली. मी विहिरीवर जाऊन पाणी ओतून घेतलं आणि ओल्या लुगड्याने देवघरात गेले. गडू उतरवला, फडकं सोडलं, पैसे आत ठेवले. गाठ बसेना. तेवढ्यात ओट्यावर चपला वाजल्या आणि त्या खरोखरच मामांच्या होत्या.

"आज तरी आत जाता येतंय ना सूनबाई?"

"येतंय," मी म्हटलं.

यजमान दुकानातून आले, शेजारी बसले. मामांनी ओट्यावर चटई अंथरली, गडू उपडा केला आणि मोजायला लागले. थुंकी लावून, एकेक नोट, मग नाणी, मग पुन्हा पहिल्यापासून. मी दाराआड उभी होते. माझ्या लुगड्याचं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं. आतून सासूबाई म्हणाल्या, "काय बघतेस, चुलीवर दूध आहे." मी हलले नाही.

मामांनी चष्मा काढला. "बरोबर आहे," म्हणाले. "पै न पै आहे." आणि फडक्याची गाठ त्यांनी स्वतः मारली.